मेथीदाणे खायचे कसे, लावायचे कसे: माप, कृती आणि पथ्य

मेथीचा दाणा पाण्यात पडला की काही तासांत फुगतो आणि भोवतालचं पाणी बुळबुळीत होतं. अनेकांना ही बुळबुळ नकोशी वाटते. खरं तर पोटासाठी असो वा केसांसाठी, मेथीचा जो भरवशाचा उपयोग आहे तो बहुतांशी याच बुळबुळीतून येतो. एवढं लक्षात ठेवलं तर कोणती कृती कामाची आणि कोणती वायफळ, हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं. रात्रभर भिजवलेले दाणे फेकून नुसतं पाणी पिणं, मेथी तेलात उकळून ते तेल केसवाढीसाठी लावणं आणि कोरडी पूड तोंडात टाकून वर पाणी पिणं या तिन्ही पद्धती घरोघरी सांगितल्या जातात. तिन्हींत काही ना काही चुकतं, आणि कुठे चुकतं ते पुढे येईलच.

दाण्यात नेमकं काय असतं

मेथी ही शेंगवर्गातली वनस्पती आहे, म्हणजे हरभरा आणि भुईमुगाची नातलग. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं, २५ ग्रॅम तंतू आणि ३३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये, कारण १०० ग्रॅम मेथी कुणी खात नाही. लहान चमचाभर दाणे म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. त्यातून सव्वा मिलिग्रॅम लोह मिळेल आणि त्यातलंही थोडंच अंगी लागेल. रक्त कमी आहे म्हणून मेथी खाणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.

महत्त्वाचा भाग आहे तो विरघळणारा तंतू. त्याचं शास्त्रीय नाव गॅलॅक्टोमॅनन. गवारीच्या बियांत आणि कॅरोब या भूमध्यसागरी शेंगझाडाच्या बियांतही याच जातीचा डिंक असतो. फरक त्यातल्या दोन साखरांच्या प्रमाणाचा. गवारीच्या डिंकात गॅलॅक्टोज आणि मॅनोज साधारण एकास दोन, कॅरोबच्या डिंकात एकास चार, तर मेथीत जवळजवळ एकास एक. गॅलॅक्टोज जितकं जास्त तितका डिंक पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे मेथी साध्या गार पाण्यातही आपला चिकट गर सोडते. तिला उकळत बसायची गरज नाही.

याखेरीज मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. रक्तात साखर वाढलेली असताना ते इन्सुलिन स्रवायला मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मेथीच्या ओळखीच्या वासामागे सोटोलोन नावाचं संयुग आहे. ते इतकं तीव्र असतं की मेथी नियमित खाणाऱ्याच्या घामाला आणि लघवीलाही गोडसर, पाकासारखा वास येतो. न्यूयॉर्क शहरात काही वर्षं अधूनमधून सुटणारा मेपलच्या पाकाचा गूढ वास शेजारच्या न्यू जर्सीतल्या, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून येत असल्याचं २००९ साली उघड झालं. तेव्हा अंगाला असा वास आला तर घाबरायचं कारण नाही, तो निरुपद्रवी आहे.

दाणे कसे निवडावे

चांगला दाणा पिवळसर तपकिरी, टणक आणि एकसारखा असतो. काळपट, सुरकुतलेले, पीठ सुटलेले दाणे घेऊ नका. अख्खे दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधाऱ्या जागी वर्षभर सहज टिकतात. पूड मात्र महिनाभरात संपेल एवढीच करावी, कारण दळल्यावर वास उडतो आणि दाण्यातलं तेल खवट व्हायला लागतं. तयार पूड आणली तर तिची परीक्षा सोपी आहे. अर्धा चमचा पूड अर्ध्या वाटी पाण्यात ढवळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मिश्रण चिकट, दाटसर झालं नाही तर पूड फार जुनी किंवा भेसळीची असण्याची शक्यता आहे.

खाण्यासाठी भिजवण्याची कृती

१. पहिल्या आठवड्यात अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम दाणेच घ्या. पोट कुरकुरलं नाही तर पुढच्या आठवड्यात एक चमचा करा.

२. दाणे दोनदा चोळून धुवा. धूळ जाते आणि कडवटपणाही किंचित उतरतो.

३. अर्धा पेला पिण्याच्या पाण्यात झाकून सात-आठ तास ठेवा. हवा उष्ण असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या पाण्याला आंबूस वास येतो. असं पाणी पिऊ नये.

४. सकाळी दाणे नीट चावून खा आणि तेच पाणी वर प्या. त्यानंतर आणखी एक पेला साधं पाणी प्या.

दाणे टाकून देण्यात नुकसान काय, ते आता लक्षात आलं असेल. पाण्यात गराचा थोडाच भाग उतरतो, बाकीचा तंतू आणि बहुतेक प्रथिनं दाण्यातच राहतात. पाणी पिऊन दाणे फेकणाऱ्याच्या हाती मुख्यतः कडवट चव लागते.

कडूपणा सहन होत नसेल तर भिजलेले दाणे वाटून दह्यात मिसळा किंवा पीठ मळताना घाला. पिठात घातलेली मेथी शिजते, पण तंतू नष्ट होत नाही. साखर नियंत्रणासाठी मेथी घेणाऱ्याने तर ती जेवणातच घ्यावी असं माझं मत आहे, कारण जेवणातल्या साखरेचा वेग कमी करायचा तर तंतू त्याच वेळी पोटात असायला हवा. रिकाम्या पोटीच घेतली पाहिजे असा काही नियम नाही.

पूड करायची असेल तर दाणे मंद आचेवर, सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंतच भाजा. रंग गडद झाला की कडवटपणा असा वाढतो की पुढे कशानेही झाकला जात नाही. पूर्ण गार झाल्यावर दळा. आणि ही पूड कधीही कोरडी गिळू नका. ती ओलावा मिळताच फुगते आणि घशात किंवा अन्ननलिकेत चिकटून बसू शकते. वृद्धांना, गिळायला त्रास असणाऱ्यांना हा धोका जास्त. दही, ताक किंवा पातळ भाजी यांत कालवूनच पूड घ्यावी.

मोड काढायचे असतील तर आठ-दहा तास भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात बांधा आणि दिवसातून दोनदा धुवा. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि कडवटपणा बराच कमी होतो. पण ते कच्चे खाऊ नका. २०११ च्या मे ते जुलै या काळात जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, शेकडो जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. सुरुवातीला संशय काकडीवर गेला होता. शेवटी धागा पोहोचला मोड आलेल्या मेथीपर्यंत, इजिप्तहून आयात झालेल्या दाण्यांपर्यंत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, आणि दाण्याच्या सालीतल्या फटीत लपलेले जिवाणू धुऊन जात नाहीत. मोड चांगले वाफवून किंवा उकळून खा. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध यांच्या बाबतीत यात तडजोड नको.

साखर, कोलेस्टेरॉल आणि पोट

मेथीवर सगळ्यात जास्त काम झालंय ते मधुमेहाच्या बाबतीत. चिकट तंतू जठरात आणि आतड्यात दाट थर करतो, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड जेवणातून दिली होती. लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. आकडा मोठा आहे, पण मापही मोठं आहे, आणि घरी कुणी एवढी मेथी खाऊ शकणार नाही, खाऊही नये. जास्त उपयोगी वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांपैकी एका गटाने तीन वर्षं रोज १० ग्रॅम मेथी दोन भागांत, जेवणाआधी घेतली. मेथी न घेणाऱ्या गटात मधुमेह होण्याची शक्यता चौपटीहून थोडी अधिक निघाली. हे माप जमण्यासारखं आहे. अभ्यास लहान असल्याने त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, पण आहारातला एक चांगला आधार म्हणून मेथीकडे पाहायला तो पुरेसा आहे.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी असं करावं. आधी आपल्या डॉक्टरांना सांगा, मग जेवणाबरोबर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू दिवसाला दोन लहान चमचे, म्हणजे ८ ग्रॅमपर्यंत जा. पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं चालू असतील तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. अचानक घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. औषधाचं प्रमाण कमी करायचं की नाही हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मेथी सुरू केली म्हणून गोळी परस्पर बंद करणं हा जिवाशी खेळ आहे.

हाच तंतू आतड्यातल्या पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवीन पित्ताम्लं बनवण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, त्यामुळे वाईट कोलेस्टेरॉल थोडं घटतं. थोडंच, हे ध्यानात असू द्या.

बद्धकोष्ठात मेथी चांगली कामाला येते, पण पाणी भरपूर हवं. पाणी कमी पडलं तर तोच तंतू आत घट्ट होऊन त्रास वाढवतो. उलट एकदम जास्त खाल्ली तर वात धरतो, जुलाबही होतात. म्हणूनच हळूहळू वाढवण्याचा आग्रह.

पाळीच्या दुखण्याबद्दल एक आशादायक अभ्यास आहे. इराणमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यार्थिनींनी पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत मेथीपूड भरलेल्या कॅप्सूल दिवसातून तीन वेळा घेतल्या. दोन पाळ्यांनंतर त्यांचं दुखणं नुसत्या पिठाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. दुखणं दर महिन्याला अंथरुणाला खिळवत असेल तर मात्र मेथीवर थांबू नका, तपासणी करून घ्या.

बाळंतिणीचं दूध मेथीने वाढतं का, यावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दूध वाढण्याचा खरा आधार म्हणजे बाळाला वारंवार आणि नीट पकडवून पाजणं. आई मेथी खात असेल तर ते बाळाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाच्या लघवीला येणारा पाकासारखा वास हे एका दुर्मीळ आणि गंभीर जन्मजात विकाराचंही लक्षण असतं. मेथीमुळे त्याचा खोटा संशय येऊ शकतो. तसाच, वास मेथीचाच आहे असं परस्पर गृहीत धरून आजाराकडे दुर्लक्षही होऊ नये.

केसांसाठी

केसाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खवले असतात. ऊन, रंग, ओढून विंचरणं यांनी ते उचकटतात आणि केस एकमेकांत अडकून तुटतात. मेथीचा गर केसावर पातळ थर धरतो, घर्षण कमी होतं, केस मऊ लागतात, विंचरताना तुटत नाहीत. मेथी इथे कंडिशनरचं काम करते, आणि चांगलं करते. कोरड्या, कुरळ्या, गुंता होणाऱ्या केसांना त्याचा लाभ सर्वांत जास्त.

मात्र हा गर पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. मेथी घालून उकळलेल्या तेलात मेथीचा वास आणि थोडे तेलात विरघळणारे घटक येतात. ज्यासाठी मेथी लावायची तो भाग भांड्याच्या तळाशी दाण्यांतच राहतो. तेल लावायला आवडत असेल तर जरूर लावा, पण ते साधं तेलच समजा.

लेप करायचा असेल तर खांद्यापर्यंतच्या केसांना दोन मोठे चमचे दाणे पुरतात. रात्रभर एका वाटी पाण्यात भिजवा, त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा आणि पातळ सुती कापडातून पिळून गाळा. गाळण्याचा कंटाळा अजिबात करू नका. न गाळलेल्या लेपातली सालं केसांत अशी अडकतात की ती काढताना जेवढे केस तुटतात तेवढा लेपाचा फायदाही होत नाही. गाळलेला गर ओलसर केसांना, मुख्यतः मधल्या भागाला आणि टोकांना लावा. वीस ते तीस मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. वाळलेला गर कडक होतो आणि ओढला जातो. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला की हा प्रश्न येत नाही. मग कोमट पाण्याने भरपूर धुवा, लागला तर थोडा सौम्य शाम्पू वापरा. आठवड्यातून एकदा पुरे.

एवढं करायला वेळ नसेल तर माझ्या मते याहून सोपी आणि जास्त टिकाऊ सवय वेगळी आहे. एक मोठा चमचा दाणे दोन कप पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, गाळा, गार करा. शाम्पूनंतर हे दाटसर पाणी केसांवर ओता, दोन मिनिटं थांबा, साध्या पाण्याने धुऊन टाका. उकळण्याची गरज नाही असं वर म्हटलं, पण इथे रात्रभराची वाट वाचते आणि पाणी काही दिवस टिकतं. फ्रिजमध्ये तीन दिवसांपर्यंत ठेवा. त्यानंतर, किंवा वास बदलला की आधीच, फेकून द्या.

केस गळणं थांबतं का, नवीन येतात का? यावर ठाम हो म्हणण्याइतका पुरावा नाही. रोज ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अचानक कमी केलेलं वजन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप थांबतात. नेमक्या याच काळात माणूस मेथी लावायला लागतो आणि श्रेय मेथीला जातं. गळती सहा महिन्यांहून जास्त टिकली, भांग रुंदावत चालला किंवा गोल चकत्या पडल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. अनुवांशिक टक्कल लेपाने थांबत नाही आणि त्यावरची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितके केस वाचतात.

कोंड्याचंही तसंच. त्यामागे मॅलासेझिया ही टाळूवर राहणारी बुरशी असते. मेथीच्या गराने खपल्या मऊ होऊन सुटतात, खाज थोडी शमते. बुरशीसाठी केटोकोनॅझोलसारख्या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू लागतो.

चेहऱ्यासाठी

इथे अपेक्षा माफक ठेवा. मेथीचा गर त्वचेवर ओलावा धरून ठेवतो, कोरडी त्वचा काही तास मऊ आणि ताणल्यासारखी लागते. मुरूम, वांग, काळे डाग मेथीने जातात असं मी सांगणार नाही. डागांसाठी ऊन टाळणं आणि रोज एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावणं, हा पाया आहे.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून धुवा आणि ४८ तास लक्ष ठेवा. लाली, खाज, पुरळ काही नसेल तर एक मोठा चमचा गाळलेला ताजा गर चेहऱ्यावर, डोळ्यांभोवतीची जागा सोडून लावा. दहा-पंधरा मिनिटांनी, ओढ बसण्याआधी, धुऊन लगेच मॉइश्चरायझर लावा. त्यात लिंबू पिळू नका. लिंबाचा रस आम्लधर्मी तर आहेच, शिवाय तो लावलेल्या जागी ऊन लागलं तर फोड आणि गडद डाग पडू शकतात. जाडीभरडी मेथीपूड चेहऱ्यावर घासणंही टाळा, तिचे कण त्वचेला ओरखडे काढतात. जखम, इसब, फुटलेले मुरूम असलेल्या जागी लावूच नका.

कुणी सांभाळून राहावं

गर्भवतींना स्वयंपाकातल्या चिमूटभर मेथीने काही होत नाही, पण चमच्याने मोजून घ्यायची मेथी आणि कॅप्सूल टाळाव्यात, कारण गर्भाशय आकुंचन पावण्याची आणि गर्भावर परिणाम होण्याची शंका आहे. शेंगदाणे, हरभरा किंवा सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचीही असू शकते. ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज मेथी घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मेथी घेत असल्याचं सांगावं.

चिकट तंतू औषधंही अडकवून ठेवू शकतो, म्हणून नेहमीच्या गोळ्या मेथीच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्या. लोहाच्या गोळीला हे विशेष लागू आहे. कॅप्सूलमधला अर्क हा दाण्यांपेक्षा बराच तीव्र असतो, त्यामुळे दाण्यांचं माप त्याला लावता येत नाही. खाण्याजोगे दाणे घरात असताना कॅप्सूलची गरज बहुतेकांना नाही, असं मला वाटतं.

फायदा होतोय का, हे अंदाजाने ठरवू नका. साखरेसाठी सुरुवातीला एचबीए१सी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्याआधी केली तर काही कळत नाही. या काळात बाकीचा आहार, औषधं आणि चालणं शक्यतो तेच ठेवा. केसांसाठी पहिल्या लेपाआधी आणि आठ आठवड्यांनी विंचरल्यावर फणीत येणारे तुटके केस पाहा. मुळाशी पांढरा ठिपका असलेला केस गळलेला असतो, ठिपका नसलेला आखूड तुकडा तुटलेला. मेथीने कमी व्हायला हवेत ते हे तुकडे. आठ आठवड्यांत ते कमी झाले नाहीत, किंवा तीन महिन्यांत साखर तसूभर हलली नाही, तर तो उपाय बंद करा आणि दुसरा शोधा.